माझ्या पाठीवरचा हत्ती

मी एक जुने टेबल आहे. जेवणाचे नव्हे, अभ्यासाचे नव्हे. शिंप्याचे, कापड बेतायचे टेबल. माझ्यावर कधी कुणी फुलदाणी ठेवली नाही. तरीही, मित्रांनो, मला एका गोष्टीचा अभिमान आहे. गोष्टी तुम्ही पुष्कळ वाचल्या असतील, काहींनी लिहिल्याही असतील. पण आख्खी गोष्ट अंगावर वागवलेले टेबल तुम्हाला दुसरे मिळायचे नाही. ती गोष्ट एका हत्तीची होती. ती कशी अडली आणि कशी सुटली, हे सांगायलाच आज मी तोंड उघडले आहे. टेबलाला तोंड कुठे असते, असे विचारू नका. खण आहे की!

ज्या सुताराने मला घडवले तो हाताचा चांगला होता, पण जिभेने त्याहून चांगला. गप्पांच्या नादात त्याने माझे तीन पाय सारखे कापले आणि चौथा आखूड. मास्तरांनी, म्हणजे माझ्या शिंप्याने, मला हलवून पाहिले. मी डुगडुगले. सुतार म्हणाला, "अहो मास्तर, खाली चिंधी सारा. कुणाला कळतंय!" मास्तरांना चिंधी सारणे पटणारे नव्हते. त्यांनी उरलेल्या कापडाची जाड घडी केली, चारही बाजूंनी शिवली आणि माझ्या आखूड पायात घातली. तसा जोडा आजही माझ्या पायात आहे. विरला की मास्तर नवा शिवतात. बाकीचे तीन पाय अनवाणी आहेत, पण त्यांनी कधी कुरकुर केली नाही.

माझी पाठ काळपट, गुळगुळीत आणि ऐसपैस. दुकानात मास्तर माझ्या एका अंगाला उभे राहत आणि त्यांची बायको दुसऱ्या टोकाला बसे. तिला सगळी गल्ली काकू म्हणत असे, म्हणून मीही काकूच म्हणते. मास्तर बेतायचे आणि शिवायचे, काकू काज करायच्या आणि बटणे लावायच्या. काकूंनी लावलेले बटण तुटल्याची तक्रार त्या दुकानात कधी आली नाही. कापड विरायचे, कोपर फाटायचे, माणूस कोटाबाहेर वाढायचा, पण बटण जागचे हलायचे नाही. काकू स्वतः हे बोलून दाखवत नसत. दुसरे कुणी बोलले की मात्र त्यांचे कान टवकारत.

कात्री हातात घेण्याआधी मास्तर कितीतरी वेळ नुसते पाहत उभे राहायचे. नवा कारागीर शिकायला आला की त्याला पहिल्याच दिवशी सांगायचे, "खडू पुसता येतो, कात्री पुसता येत नाही." मग चपट्या खडूने कापडावर रेघा ओढायच्या, झटकायच्या, पुन्हा ओढायच्या, आणि मन भरले की कात्री. मापे लिहायला कागद हाताशी नसला तर ती माझ्याच पाठीवर खडूने उतरायची. दिवसभरात मी आकड्यांनी भरून जायचे. दुकान बंद करताना काकू ओले फडके घेऊन येत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत मला लख्ख पुसून काढत, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या गडद कापडाला खडू लागायचा. ही त्यांची रोजची रीत. बोलता बोलता, इकडे न बघतासुद्धा त्यांचा हात माझ्यावरून बरोबर फिरायचा. ही रीत ध्यानात ठेवा. पुढे तिच्यापायी मोठा घोटाळा होणार आहे.

चांगले दिवस कायमचे राहत नाहीत. लोक तयार कपडे घेऊ लागले. मास्तरांना सुईत दोरा ओवायला वेळ लागू लागला. शेवटी दुकान बंद झाले आणि मी घराच्या पुढच्या खोलीत आले. तिथे माझी काय शोभा झाली म्हणून सांगू! वर्तमानपत्रांचे गठ्ठे, औषधांचा डबा, बिघडलेला पंखा, कुणाची तरी एकच चप्पल. सगळ्या घराने माझ्यावर संसार थाटला आणि खाली टेबल आहे हेच सगळे विसरले. मला वाईट वाटले, हे लपवत नाही.

विसरली नाही ती एकटी फिरकी. फिरकी म्हणजे मास्तरांची नात, लेकीची मुलगी. मायलेकी याच घरात राहायच्या. तिचे खरे नाव काही वेगळे आहे, पण ती एका जागी स्थिर राहत नाही म्हणून आजोबांनी हे नाव पाडले. ती वर्तमानपत्रे ढकलून जागा करायची, माझ्यावर चढून बसायची आणि पाय हलवत म्हणायची, "आजोबा, गोष्ट." आणि मास्तर सांगायचे. मित्रांनो, काय सांगायचे! बोलताना त्यांना कधी ठेच लागली नाही. त्यातली शेवटची गोष्ट होती हत्तीची. एका गावात एक हत्ती येतो आणि शिंप्याला म्हणतो, मला कोट शिवून हवा, आणि त्याला खिसा हवा. शिंपी शिडी लावून माप घेतो. टेप अर्ध्यातच संपते. खिसा केवढा ठेवायचा यावर दोघांचे बिनसते. गोष्ट इथवर आली आणि फिरकीच्या आईची बदली झाली. सामान बांधले गेले, गाडी आली, आणि खिशाचा निकाल लागायच्या आत फिरकी दूरच्या गावी गेली.

नव्या शाळेत तिने तोंडच मिटून घेतले. तिची आई फोनवर काकूंना सांगायची, "कुणाशी बोलत नाही गं. मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून एकटीच उभी असते." काकू हे मास्तरांना सांगायच्या. अशात एक दिवस फिरकीच स्वतः फोनवर आली. तिच्या बाईंनी वर्गाला सांगितले होते, की प्रत्येकाने आपल्या घरात सांगितली जाणारी एक गोष्ट वाचून दाखवायची. आणि फिरकीने त्या शाळेत पहिल्यांदाच हात वर केला होता.

"आजोबा, मी सांगितलंय की माझे आजोबा लेखक आहेत. ते हत्तीची गोष्ट लिहून पाठवणार आहेत."

"लेखक? अगं, मी?"

"हो. पूर्ण पाठवा हं. खिशासकट."

मास्तरांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. त्यांनी माझ्यावरचा सगळा पसारा खाली उतरवला. ती एक चप्पल काकूंनी ओळखली आणि आनंदाने आत नेली. कितीतरी दिवसांनी माझ्या पाठीला वारा लागला. मास्तरांनी चांगला कागद आणला, पेनात शाई भरली, चष्मा पुसला. मला वाटले, आता बघा, गोष्ट कशी धो धो वाहते ती.

कसली वाहते! मास्तरांनी कागद माझ्यावर पसरला, तळहाताने सारखा केला. एका कोपऱ्याला मुरड दिसली म्हणून इस्त्री गरम करून त्यावर फिरवली. मग पेन उचलून ते बघत राहिले. कोरे कापड समोर आले की बघायचे, अगदी तसेच. "एक" एवढा शब्द लिहिला आणि हात थांबला. एक हत्ती म्हणावे, की एका गावात म्हणावे? इथे चुकले तर पुढचे सगळे तिरके जाणार. त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. दुसऱ्या दिवशी एक ओळ झाली, पण ती मनासारखी नव्हती. ती खोडायचे त्यांना सुचले नाही. गिऱ्हाइकाचे भारी कापड आपल्या हातून चुकीचे कापले गेल्यासारखे ते तिच्याकडे बघत बसले.

घोडे कुठे पेंड खात होते ते मला दिसत होते, मित्रांनो. मास्तर पेन धरत होते, पण हातात त्यांना कात्री वाटत होती. जन्मभर ज्या सवयीने त्यांचे एकही कापड वाया जाऊ दिले नाही, तीच आता त्यांना एक ओळ लिहू देत नव्हती. पण मी पडले टेबल. मूग गिळून उभे राहिले.

मग सुरू झाल्या टाळाटाळी. मास्तरांनी शिलाई मशीनला तेल घातले. औषधाच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या. माझ्या पायातला जोडा धड असतानाही नवा शिवला. काकू बघत होत्या. एकदा चहाचा कप माझ्या कडेला ठेवत म्हणाल्या, "लेखकसाहेब, हत्ती कुठवर आला?"

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" मास्तर म्हणाले. "तिला कळव, आजोबांना जमलं नाही म्हणावं."

"मी नाही कळवणार. तुम्हीच सांगा."

मास्तरांनी खरेच फोन लावला. फिरकी पलीकडून आधीच बोलू लागली, "आजोबा, आमच्या वर्गातला एक मुलगा विचारत होता, हत्ती खिशात काय ठेवणार? मी त्याला सांगितलं, थांब, माझ्या आजोबांची गोष्ट येऊ दे." मास्तरांनी 'हो, हो' म्हणून फोन ठेवला. ती कुणाशी तरी बोलली होती. हत्तीमुळे बोलली होती. आता नाही म्हणायची सोयच उरली नाही, आणि म्हणून लिहिणे आणखीच अवघड झाले. त्या दुपारी मास्तर माझ्यावर डोके टेकून बसले, तेव्हा त्यांचे कपाळ मला गरम लागले.

वाचन दोन-चार दिवसांवर आले असताना दारात ड्रायव्हरभाऊ उभे राहिले. बस चालवायचे, मास्तरांचे जुने गिऱ्हाईक. नोकरी संपत आली होती, निरोपाच्या कार्यक्रमाला गणवेशाचा कोट घालायचा होता, आणि कोट काही पुढे मिटत नव्हता.

"मास्तर, कोट आटलाय."

"कोट आटत नसतो, ड्रायव्हरभाऊ. आत बघा काय वाढलंय ते."

"काहीही करा, पण बसवा. तुमच्याशिवाय कुणाकडे नेणार?"

मास्तर उठले. खणातून टेप काढली, खडू काढला. कोट उलटा करून माझ्यावर पसरला आणि शिवणीत किती दाब, म्हणजे आत मुडपलेले जादा कापड, शिल्लक आहे ते पाहू लागले. खडू हातात येताच त्यांची बोटे मऊ पडली, हे मला पाठीवरून कळले. खाली मान घालून रेघा ओढता ओढता ते सहज म्हणाले, "तुमचं काहीच नाही. सध्या मी एका हत्तीच्या कोटात अडकलोय." आणि त्यांनी गोष्ट सांगितली. बोलताना ती कुठेच अडली नाही.

ड्रायव्हरभाऊ खुर्चीत पुढे सरकले. "मग छाती किती भरली हो हत्तीची?"

"थांबा, सांगतो." मास्तरांनी कोट बाजूला सारला आणि जुन्या सवयीने माझ्या पाठीवर खडूने लिहिले: हत्ती. छाती: शिंपी आणि त्याची बायको हातात हात धरून उभी राहतील एवढी.

ड्रायव्हरभाऊ खो खो हसले. "आणि बाही?"

मास्तरांनी लिहिले: बाह्या चार. की दोन बाह्या आणि एक विजार? शिंप्याने विचारले, हत्ती विचारात पडला.

मग मास्तर थांबले. माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी 'हत्ती विचारात पडला' तळहाताने पुसले आणि तिथे लिहिले, 'हत्ती लाजला.' पुन्हा वाचले. मान डोलावली. ड्रायव्हरभाऊ उद्या येतो म्हणून कधी गेले, ते मास्तरांना कळलेसुद्धा नाही.

ती दुपार मी जन्मात विसरणार नाही. मास्तर माझ्याभोवती फिरत होते. लिहीत होते, पुसत होते, पुन्हा लिहीत होते. एक ओळ तर तीनदा आली आणि तीनदा गेली, पण त्यांचा चेहरा पडला नाही. खडूच तर होता! शिडी आली, टेप संपली, खिशाचे भांडण मिटले. हत्तीचा पाय माझ्या एका कोपऱ्यात आणि सोंड दुसऱ्या कोपऱ्यात. मला गुदगुल्या होत होत्या. अखेर कोट शिवून झाला, हत्तीने तो अंगात घातला, आणि तिथे मास्तर थांबले. हत्ती गेला आणि शेपूट राहिले म्हणतात ना, तसे. पण ते घाबरले नाहीत. वही आणि पेन माझ्या कडेला मांडले, आणि पाय मोकळे करायला बाहेर पडले. येऊन उतरवून घेऊ, असा त्यांचा विचार होता.

संध्याकाळ झाली. काकू बाजारातून आल्या. त्यांनी दिवा लावला, पाहिले, आणि माझ्या पाठीवर खडू दिसला. मित्रांनो, तुम्हाला कळलेच असेल. हात आपोआप फडक्याकडे गेला. मी ओरडू पाहिले, पण टेबलाचे ओरडणे म्हणजे फार तर एक करकर. काकू एकेक ओळ वाचायच्या, हसायच्या आणि पुसायच्या. "लाजला म्हणे," असे स्वतःशी म्हणाल्यासुद्धा. या टोकापासून त्या टोकापर्यंत मी लख्ख झाले.

मास्तर आत आले आणि दारातच थांबले.

"अगं, टेबल..."

"पुसलं. छान लिहिलंत हो. वहीत उतरवलंत ना?"

मास्तरांनी वही उघडून दाखवली. कोरी. काकूंच्या हातातले फडके खाली पडले. त्या तोंडावर हात ठेवून मटकन खाली बसल्या. "माझ्या हाताला आग लागो," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटले, आता मास्तरांचा आवाज चढणार. माझी मात्र तोंडचे पाणी पळाल्यासारखी अवस्था झाली होती, आणि अंगावर पाणी तर नको तितके होते.

मास्तर माझ्या ओल्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "खडू होता गं. पुसला जाणारच. बेत हातात आहे, तोवर कापड पुन्हा आखता येतं." त्यांनी खुर्ची ओढली आणि वही काकूंच्या पुढे सरकवली. "तू लिही. तुझं अक्षर बरं आहे. हसलीस कुठे कुठे, ते आधी सांग."

आणि दोघे पुन्हा शिवायला बसले. पूर्वीसारखेच, ते माझ्या एका अंगाला आणि त्या दुसऱ्या. मास्तर सांगत, काकू लिहीत. काकू मध्येच म्हणत, "नाही, तुम्ही 'शिडी थरथरली' लिहिलं होतं, तेच छान होतं." एखादी ओळ दोघांनाही आठवेना, तेव्हा मास्तर म्हणाले, "जाऊ दे. सैल असणार, म्हणून गळली." मला ती ओळ आठवत होती. मास्तरांचे बरोबर होते.

"आणि शेवट?" काकूंनी विचारले. "मी पुसत कडेपर्यंत आले, तरी शेवट लागलाच नाही."

"तो झालाच नाही. हत्तीनं कोट घातला. पुढे सुचत नाही."

काकू पेन हातात धरून बसल्या. नंतर माझ्या कडेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "पुढे काय? हत्ती हसला. आणि सगळी बटणं तुटून गावभर उडाली."

मास्तर चकित झाले. "बटणं? तू लावलेली?"

"मी लावलेली." काकूंनी पेन खाली ठेवले. "जन्मात माझं बटण तुटलं नाही, हे खरं. पण गोष्टीत तुटू दे. त्या गावात एक मुलगी आहे, नवीन आलेली. तिची कुणाशी ओळख नाही. एक बटण तिच्या दारात पडतं. ते द्यायला ती हत्तीकडे जाते, आणि मग दोघं मिळून बाकीची बटणं शोधायला घरोघर जातात. प्रत्येक दार वाजवतात. शेवटी सगळी बटणं सापडतात, आणि तोवर सगळं गाव तिच्या ओळखीचं झालेलं असतं."

मग मास्तर म्हणाले, "आणि खिसा?"

"बटणं ठेवायला," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्तर पोस्टात गेले आणि गोष्ट रवाना झाली. कागदांबरोबर काकूंनी एक डबी दिली. तिच्यात दुकानात उरलेली सुटी बटणे होती, लाल, शिंपल्याची, पितळेची, वर्गातल्या प्रत्येकाला एक पुरेल एवढी. परतताना मास्तरांनी रात्रीच सैल करून ठेवलेला ड्रायव्हरभाऊंचा कोटही पोहोचवला. तो नीट बसला, आणि त्याचे बटण अजून शाबूत आहे.

वाचनाच्या दिवशी मास्तर आणि काकू फोनशेजारी बसून होते. काकू चहा विसरल्या, मास्तर चष्मा विसरले. फोन आला तेव्हा मागून पोरांचा एवढा गलका ऐकू येत होता की फिरकीला ओरडून बोलावे लागले. "आजोबा! मी हत्ती हसला म्हटलं आणि बटणं उडवली! आता सगळे ती परत द्यायला माझ्या घरी आलेत!" मास्तरांनी फोन काकूंच्या हातात दिला आणि तळहाताने मला उगीचच पुसत राहिले. मी कोरडेच होते. म्हणजे, तोवर तरी.

सुट्टीत फिरकी आली. थोडी उंच झाली होती, बोलणे मात्र दुप्पट. आता माझ्या पाठीवर पसारा नसतो, त्यामुळे तिला काही ढकलावे लागले नाही. तिने खणातून खडू काढला आणि एका जिराफाची गोष्ट माझ्यावर लिहू लागली. दिवसभर लिहिले, खोडले, लिहिले. संध्याकाळी काकू ओले फडके घेऊन आल्या आणि माझ्यापाशी येऊन थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदाच थांबल्या.

"फिरके, हे उतरवून घेतलंस का गं?"

"नाही."

"मग राहू दे?"

फिरकीने मान तिरकी करून जिराफाकडे पाहिले. "नको आजी, पूस. मान जमली नाहीये. उद्या परत लिहिते."

मास्तरांनी खणातून एक नवा खडू काढला आणि तिच्यासाठी माझ्या कडेला ठेवला.

तर मित्रांनो, गोष्ट अडली की कागदाला भिऊ नका. आधी पुसता येईल अशा कशाने तरी लिहा, हसतील त्यांना वाचून दाखवा, कात्रीचे नंतर बघू. तुमच्याही घरात एखादे म्हातारे टेबल वर्तमानपत्रांखाली गाडले गेले असेल. त्याला मोकळे करा, त्याच्या पाठीवर अजून पुष्कळ जागा असते. आणि त्याला पुसताना एवढे कराच, फडके घट्ट पिळून घ्या. काकू नेमके तेच विसरतात, आणि मग रात्रभर माझा आखूड पाय ओल्या जोड्यात उभा असतो.